गेटपासचे शंभर रुपये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पहाटे पावणेपाचला पेपरवाला पोरगा आमच्या गेटवर गठ्ठा टाकून जातो. बी विंगमधलं एक बिऱ्हाड महिनाभरासाठी मुलीकडे बंगळुरूला गेलंय, त्यांचा पेपर माझ्या केबिनमध्ये जमा होतो. घडी परत जशीच्या तशी बसेल अशा बेतानं मी तो वाचून काढतो. मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर उद्योजकांच्या एका बैठकीची बातमी होती. चाकण, भोसरी, तळवडे पट्ट्यात फिटर, टर्नर, वेल्डर मिळत नाहीत. आयटीआयची पोरं येतात आणि सहा-सात महिन्यांत सोडून जातात. कुणाला कामाची गोडीच राहिली नाही, असा तिचा सूर होता.

बातमी खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. जागा रिकाम्या असतील. फक्त ते 'सहा-सात महिन्यांत' आहे ना, तिथे मी अडकलो. हा आकडा पोरांनी ठरवलेला नाही, साहेब. तो कुणी ठरवला ते मला पक्कं माहीत आहे, कारण माझी निम्मी जिंदगी त्याच आकड्यानं कापली गेली.

मी फिटर आहे. म्हणजे होतो. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मोशीकडच्या एका सोसायटीत रात्रपाळीचा गार्ड आहे. वय ५३. हे पत्र गेटवरच लिहितोय, आजची तिसरी रात्र. मध्ये मध्ये उठून गेटचा बूम, तो आडवा दांडा, वर करावा लागतो, तेव्हा कुठे धागा तुटला तर सांभाळून घ्या.

मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. १९९० साली लातूरच्या आयटीआयला फिटर ट्रेडला नंबर लागला तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. आमच्या घरात तोवर सगळे विळ्या-खुरप्याचे धनी, कानस धरणारा मी पहिला. सुरुवातीचे दोन महिने नुसती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि इतका सपाट करायचा की वर ट्राय स्क्वेअर ठेवला तर खालून उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला की आमचे निदेशक सर काही न बोलता तो तुकडा भंगाराच्या पेटीत टाकायचे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग मेल-फिमेल जॉब. एका तुकड्यात दुसरा असा बसवायचा की बोटानं ढकलला तर जावा आणि उलटा धरला तर पडू नये. तो जॉब ज्या दिवशी जमला तो दिवस मला लग्नाच्या दिवसापेक्षा नीट आठवतो. हे आमच्या हिला सांगू नका.

१९९२ ला आयटीआय पास झाल्याचं, एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र हातात आलं. मला अमुक काम येतं, असं माझ्या नावानिशी सांगणारा तो पहिला सरकारी कागद. तोच शेवटचा ठरला.

त्याच वर्षी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलं. तेव्हा ते काढणं हा नोकरी शोधण्याचा पहिला विधी असायचा. दर तीन वर्षांनी लातूरला जाऊन नूतनीकरण करायचं, नाहीतर नाव उडायचं. पुण्याला आल्यावरसुद्धा मी त्यासाठी रजा टाकून, एसटीचं भाडं खर्चून जायचो. नऊ वर्षांत एकच कॉल आला. जागा दोन आणि बोलावलेली माणसं मांडवात मावेनात एवढी. माझ्याच बॅचचा एक जण तिथे भेटला. आम्ही दोघं रसवंतीवर उसाचा रस पिऊन, एकमेकांना शुभेच्छा देऊन परत आलो.

पहिलं काम मात्र एक्स्चेंजनं नाही, भूकंपानं दिलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरणार नाही. किल्लारीकडची गावंच्या गावं भुईसपाट झाली. आमच्या घराच्या दोन भिंती गेल्या, माणसं वाचली. पुढे पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहायला लागल्या आणि खिडक्यांच्या ग्रिलांना, दरवाजांना, कडी-कोयंड्यांना तोटा नव्हता. लातूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे मला ३५ रुपये रोजानं काम मिळालं. एवढी माणसं गेली म्हणून माझा हात कामाला लागला, हे लिहायला आजही बरं वाटत नाही. पण झालं तसंच. घरं बांधून झाली, ग्रिलं संपली आणि १९९६ साली मी गावच्या दोघांबरोबर भोसरीला उतरलो.

गवळीमाथ्याला दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात जण राहायचो. त्यात तीन शिफ्टची सोय होती. रात्रपाळीवाला आला की सकाळपाळीवाल्याची गोधडी गरमच असायची. काम शोधणं म्हणजे तेव्हा पायी फिरणं. एमआयडीसीच्या रस्त्यांनी गेटोगेट जायचं, पाटी वाचायची. 'हेल्पर पाहिजेत', 'अनुभवी फिटर पाहिजे', आणि सगळ्यात जास्त 'जागा नाहीत, चौकशी करू नये'. वॉचमन हा त्या काळात आम्हाला देव वाटायचा. तो सांगायचा, 'बुधवारी ये, साहेब असतात.' आता मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय आणि मला बुधवारचं काही ठाऊक नसतं.

त्या पहिल्या वर्षातच 'ब्रेक' हा शब्द कळला. बातमी लिहिणाऱ्यांना तो ठाऊक असेल, उद्योजकांना तर असतोच, पण तुमच्या इतर वाचकांसाठी सांगतो. बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले की कामगाराला कायम करावं, अशी तरतूद महाराष्ट्रातल्या कारखान्यांना लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, होती. २४० हा आकडा भोसरीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. म्हणून काय करायचं, तर दोनशे-सव्वादोनशे दिवस झाले की सुपरवायझर येऊन खांद्यावर हात ठेवायचा. 'तुझा ब्रेक आलाय रे.' वाईट काम केलं म्हणून नाही, कंपनीत काम नाही म्हणूनही नाही. उलट, 'दोन महिन्यांनी ये, तुझं मशीन तुझंच आहे,' असं वर सांगायचा. दोन महिन्यांनी गेलो की मशीन खरंच तेच असायचं, फक्त ठेकेदाराची पाटी नवी. पुष्कळदा ठेकेदारही तोच. आधी त्याच्या नावानं फर्म होती, आता बायकोच्या नावानं. असं एकाच कंपनीत, एकाच बेंचवर मी चार वर्षं काढली आणि कागदावर तीन वेगवेगळ्या मालकांकडचा नवशिका राहिलो. तिथे मी ड्रिलिंगसाठी बनवलेलं एक फिक्स्चर अजून चालू आहे असं ऐकतो. मी ज्या पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवलं त्यातले दोघं कायम झाले. त्यांचा मला राग नाही. एक जण तर दिवाळीला फोन करतो.

ब्रेक ऑक्टोबरात आला तर गोड लागायचा, कारण गावाकडे सोयाबीनच्या राशी असायच्या. मार्चमध्ये आला तर कडू, कारण तेव्हा पोरीची फी. ब्रेकच्या काळात घर आमच्या हिच्या पोळ्यांवर चालायचं. ती एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाते, अठरा वर्षं झाली. तिला कुणी ब्रेक दिला नाही. पीएफही दिला नाही, म्हणून बहुधा.

आता गेटपासचं सांगतो.

ठेकेदाराकडे कामाला लागलं की कंपनीचा पास मिळतो. फोटो, नाव, टोकन नंबर, खाली ठेकेदाराचं नाव, वर कंपनीचं. त्याचं डिपॉझिट पगारातून कापतात. माझ्या पहिल्या पासाचे वीस रुपये होते, पुढे पन्नास झाले, मग शंभर. काम सुटताना पास गेटवर जमा केला की डिपॉझिट परत. सगळी पोरं जमा करतात, शंभर रुपये म्हणजे चार दिवसांची भाजी. मी १९९९ साली पहिल्यांदा जमा केला नाही. सुपरवायझरला सांगितलं, हरवला. त्याच्या आदल्या महिन्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो, तिथे विचारलं होतं, 'याआधी अमुक कंपनीत होतास याला पुरावा काय?' माझ्याकडे हात होते, पुरावा नव्हता. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणचे पैसे सोडून दिले आणि पास ठेवला. एकूण अठरा ठिकाणी काम केलं, त्यातले अकरा पास आज माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत. काही ठिकाणी पासच नव्हता, दोन ठिकाणी गेटवर खिसे तपासून काढून घेतला. सगळ्यात जुन्या पासावरच्या फोटोत मला मिशी नाही. मुलगी तो बघून अजून हसते.

तीन पासांवर माझं नाव चुकलेलं आहे. एकावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, एकावर आडनावातला काना गायब, एकावर तर दुसऱ्याच पोराचं नाव आणि माझा फोटो. तेव्हा हसण्यावारी नेलं. त्याची किंमत पुढे पीएफच्या खात्यात मोजली, कारण त्याच चुकीच्या नावानं पैसे भरले गेले होते आणि आधारवरचं नाव त्याच्याशी जुळत नाही.

पीएफच्या बाबतीत थोडी चूक माझीही आहे, ती लपवत नाही. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी एकच राहणारा पीएफचा नंबर आला, त्याआधी प्रत्येक ठेकेदाराकडे वेगळा पीएफ नंबर असायचा. ब्रेक आला, हातात पैसा नाही, की ठेकेदाराच्या ऑफिसातला क्लार्क दोन फॉर्म पुढे करायचा, एकोणीस नंबर आणि दहा-सी. दोनशे रुपये त्याचे, सही आमची, दोन-तीन महिन्यांनी बँकेत सात-आठ हजार यायचे. देवानं दिले असं वाटायचं. एकोणीस नंबरनं पीएफ निघतो आणि दहा-सीनं पेन्शनचे पैसे, हे कुणी सांगितलं नाही. पेन्शनचे पैसे काढले की तेवढी वर्षं पुसली जातात, पाटीवरून ओला बोळा फिरवल्यासारखी. त्याच दहा-सी फॉर्मवर पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि मग वर्षं जिवंत राहतात, हे मला २०२२ साली कळलं. तोवर मी बोळा सहा वेळा फिरवला होता.

पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. माझ्या कामाचे नुसते महिने जोडले, ब्रेक वगळून, तरी बावीस वर्षांच्या वर भरतात. खात्यात दिसतात सहा वर्षं एक महिना, त्यात हे गार्डचं धरून. ५८ पूर्ण व्हायला पाच वर्षं आहेत. म्हणजे ही एजन्सी, किंवा हिच्यानंतर येईल ती, माझा पीएफ खंड न पाडता भरत राहिली तर दहाचा उंबरठा ओलांडेन. कशासाठी, तर किमान पेन्शन महिना हजार रुपये. सोसायटीतली एजन्सी मात्र दर वर्षी जनरल बॉडीत बदलते. परवाच एक मेंबर गेटवर उभं राहून फोनवर सांगत होते की दुसरा माणूस डोक्यामागे आठशे रुपये स्वस्त द्यायला तयार आहे. त्या डोक्यांत माझंही डोकं आहे. मी बूम वर केला, त्यांना सलाम केला.

मला सगळ्या ठिकाणी वाईटच माणसं भेटली असं नाही. भोसरीत लांडेवाडीच्या मागे एक छोटं वर्कशॉप होतं, मालक स्वतः टूलमेकर. त्यांच्याकडे मी २००३ पासून सहा वर्षं होतो. तिथे ब्रेक नव्हता. पीएफही नव्हता, पण महिन्याच्या सात तारखेला पगार आणि दसऱ्याला मशीनची पूजा मालक आमच्या हातून करून घ्यायचे. २००८ च्या दिवाळीनंतर मंदी आली, मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही काही दिवस कारखाने बंद ठेवले, आणि आमच्यासारख्यांची ऑर्डर शून्यावर आली. मालकांनी तीन महिने अर्धा पगार दिला, तोही बहुतेक बाईंचे दागिने ठेवून. मग एके दिवशी आम्हा सहा जणांना बसवलं आणि लेटरहेडवर, शाईच्या पेनानं, प्रत्येकाला स्वतःच्या हातानं दाखला लिहून दिला. माझ्या दाखल्यात लिहिलंय, 'डाय फिटिंगचे काम हा डोळे मिटून करू शकतो.' तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय.

आता त्याच कागदाचं पुढे काय झालं ते ऐका. मधली वर्षं गाळतो. पुन्हा ठेकेदार, पुन्हा ब्रेक, २०१९ ची मंदी, मग २०२० च्या मार्चमधला तो मंगळवार, जेव्हा ठेकेदाराचा फोन जो बंद झाला तो झालाच. शेवटची तीन-चार वर्षं कुदळवाडीतल्या एका शेडमध्ये काढली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली शेडं पाडली गेली, त्यात आमचंही. बांधकाम परवानगीशिवायचं होतं, त्यावर मी वाद घालत नाही. पण जेसीबी आला तेव्हा आम्ही लेथ ओढून टेम्पोत चढवत होतो आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही की आपल्या पंधरा दिवसांच्या हजेरीची वही आत राहिली.

मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. हल्ली गेटोगेट फिरावं लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात. 'अर्जंट भरती, आठ तास ड्युटी, बस फ्री, कँटीन फ्री, डायरेक्ट जॉइनिंग.' खाली एजंटाचा नंबर आणि तो 'फॉर्म फी' म्हणून हजार-दीड हजार घेतो. ही कंपनी मात्र चांगली होती, कुणी पैसे मागितले नाहीत. एचआरची मुलगी माझ्या पोरीएवढी. 'काका, बसा ना' म्हणाली, पाणी दिलं. मग म्हणाली, 'काका, एक्स्पीरियन्स लेटर आणि लास्ट थ्री मंथ्सच्या सॅलरी स्लिप.' मी डबा उघडला. अकरा पास तिच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. तिनं एकेक उचलून नीट बघितला, हे तिचं मी मानतो. म्हणाली, 'काका, हे सिस्टीममध्ये अपलोड नाही होणार.' मग मी लॅमिनेशनचा कागद काढला. तिनं त्यावरचा फोन नंबर लावून बघितला. लँडलाइनचा जुना नंबर, तो कुठला लागायला. वर्कशॉप २००९ लाच बंद पडलं, मालक जाऊन सात वर्षं झाली. 'व्हेरिफाय नाही होत, काका.'

मी म्हटलं, 'बाळा, मला बेंचवर उभं कर. पाच मिनिटं.' तिनं आतून एका इंजिनिअरला बोलावलं. तोही भला होता. त्यानं एक घासलेली प्लेट दिली, निळी लावून बेड करायला, म्हणजे निळी लागेल ते उंचवटे घासून सपाट करायला सांगितली. मी केली. त्यानं सरफेस प्लेटवर फिरवून निळीचे ठिपके बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्या पोराला बोलावून तेच ठिपके दाखवले. मला वाटलं, झालं काम.

झालं ते असं. कागद नाही म्हणून स्किल्डमध्ये घेता येणार नाही. फ्रेशर म्हणून घ्यायचं तर कंपनीच्या रोलवर वयाची अट तीस. राहिलं ठेकेदाराकडून हेल्पर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, 'पंचेचाळीसच्या वरचे आम्ही घेत नाही, मेडिकलला अडकतं.' मुलगी मला गेटपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. तिच्या हातात पुढच्या आठ जणांची यादी होती.

पंधरा दिवसांनी सिक्युरिटी एजन्सीत गेलो. त्यांनी आधार, पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज आणि बुटांचा नंबर विचारला. अनुभवाचा दाखला मागितला नाही. बारा तास, पंधरा हजार. राज्याच्या सुरक्षा रक्षक बोर्डाच्या गार्डांची गोष्ट वेगळी, त्यांना १९८१ च्या कायद्याचं संरक्षण आहे. आम्ही एजन्सीचे. दोघांचा गणवेश लांबून सारखाच दिसतो.

आमच्या ए विंगमध्ये एक निवृत्त वकील राहतात. पहाटे साडेपाचला फिरायला निघतात, गुडघ्यांमुळे दोन फेऱ्यांनंतर माझ्या केबिनपाशी टेकतात. त्यांना एकदा डबा दाखवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी कायद्याची छापील पानं आणून वाचून दाखवली. म्हणाले, 'तुम्हाला ठाऊक आहे का, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांतच होतं, काम संपलं की ठेकेदारानं सेवेचा दाखला द्यायचा. त्याचा नमुनासुद्धा ठरलेला.' मी म्हटलं, 'साहेब, अठरा ठिकाणी तो नमुना माझ्या नजरेला पडला नाही.' मग नव्या श्रमसंहितांचं, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांचं वाचलं, ज्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं म्हटलंय, ते चांगलं आहे. कंत्राटी कामगाराच्या अनुभवाच्या दाखल्यासाठी तर वेगळं कलम आहे, ५६ वं. ठेकेदारानं कामगाराला त्यानं केलेल्या कामाचा तपशील लिहून दाखला द्यावा, मागितल्यास.

'मागितल्यास.' वकीलसाहेबांनी चष्मा काढून तो शब्द पुन्हा वाचला.

संपादक महोदय, जो ठेकेदार दोन महिन्यांनी परत घेईन म्हणतो, त्याच्याकडे जाताना कोण मागेल? मी एकदा मागितला होता, २०११ साली. 'कशाला पाहिजे? दुसरीकडे चाललास का?' असं विचारलं आणि त्या खेपेला दोन महिन्यांचा ब्रेक सहा महिन्यांचा झाला. शिवाय हा भाग पन्नास किंवा जास्त कंत्राटी माणसं असलेल्या कंपन्यांना आणि ठेकेदारांनाच लागू आहे. माझे निम्मे ठेकेदार पंधरा-वीस पोरांचे. मुदतीच्या नोकरीवाल्याला आता पाचऐवजी एका वर्षात ग्रॅच्युइटी, हेही वाचून दाखवलं. मी फक्त विचारलं, सात महिन्यांत वर्ष कसं भरायचं? त्यावर ते हसले, मीही हसलो, आणि दूधवाल्याची गाडी आली म्हणून मी उठलो.

माझी मुलगी बी.कॉम. झाली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत एका सरकारी ऑफिसात तिला पदवीधर म्हणून महिना दहा हजार मिळायचे. आधी सहा महिने होते, मग वाढवून अकरा केले. तिनं तिथल्या जुन्या फायलींची सगळी यादी संगणकावर घेतली. अकरा महिने संपले, साहेबांनी पेन भेट दिलं आणि प्रमाणपत्र दिलं. आता ती घरी बसून परीक्षांचे फॉर्म भरते. परवा जेवताना म्हणाली, 'पप्पा, तुम्हाला नोकऱ्या मिळाल्या, सर्टिफिकेट नाही. मला सर्टिफिकेट मिळालं.' पुढचं बोलली नाही, आमटी वाढून घेतली. अकरा हा आकडाही बघा, बारा नाही.

माझं मागणं मोठं नाही. मला कायम करा असं मी आता कुणाला म्हणणार नाही, ती वेळ गेली. ब्रेक बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणारही नाही. पण ज्या गेटवर पास जमा करून घ्यायचं टेबल असतं, त्याच टेबलावर पास घेताना एक छापील कागद द्यायला कितीसा खर्च आहे? नाव, आधारवर आहे तसं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. कुठलं मशीन, कुठलं काम. खाली ठेकेदाराची सही आणि कंपनीचा शिक्का, कारण ठेकेदाराची फर्म उद्या नसेल, कंपनी असेल. मागितल्यास नाही, न मागता. आणि पीएफच्या पासबुकात ठेकेदाराचं नाव येतंच, त्याशेजारी तो माणूस कुठल्या कंपनीत, कुठल्या कामावर होता एवढं एक रकाना वाढवून टाकलं तर एचआरच्या त्या मुलीला लँडलाइन लावत बसावं लागणार नाही. ज्या बैठकीत कुशल माणूस मिळत नाही असं म्हटलं गेलं, त्या बैठकीतल्या मंडळींनी नुसतं आपापल्या गेटपुरतं हे केलं तरी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कुशल माणूस कुठे जातो हे त्यांना बघायचं असेल तर आमच्या रस्त्यावरच्या सहा सोसायट्यांच्या गेटवर रात्री एक चक्कर मारावी. आमच्या शेजारच्या गेटवर टर्नर आहे, त्याच्या पलीकडे एक मोल्डर, ज्याच्या हातावर भट्टीचे डाग आहेत. कोपऱ्यावरचा गार्ड मात्र पहिल्यापासून गार्डच आहे, तो आम्हाला नवशिके म्हणतो.

इथे माझ्यासमोर एक मोठं रजिस्टर असतं. कामवाली बाई, पार्सलवाला, गॅसवाला, पाहुणा, कुणीही आला तरी नाव, वेळ, कुठे जायचंय, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सही. एक रकाना रिकामा राहिला तर सेक्रेटरी मला ओरडतात. गेल्या वर्षभरात मी अशी दोन रजिस्टरं भरली. अक्षर चांगलं आहे म्हणतात, ते आयटीआयच्या ड्रॉइंगमुळे.

बातमीतल्या उद्योजकांपैकी कुणाला माझे अकरा पास बघायचे असतील तर जरूर यावं, पत्ता तुमच्याकडे दिला आहे. रात्री आठ ते सकाळी आठ मी गेटवरच असतो. रजिस्टरमध्ये नाव तेवढं लिहावं लागेल.

आपला,
एक फिटर, भोसरी

(नाव कळवले आहे, पण एजन्सीच्या कारणाने छापू नये ही विनंती.)